कान सापडेपर्यंत

बुलढाणा शहरात आज जी माणसं नाव विचारल्यावर आईच्या पदराआड न लपता सांगतात, रांगेत पुढच्याला न ढकलता उभी राहतात आणि नाक बाहीला न पुसता रुमालाला पुसतात, त्या सगळ्यांना ते आमच्या समोरच्या बाईंनी शिकवलेलं आहे. यात मी जराही वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायची मला सवय आहे, ती गोष्ट वेगळी. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस गाडीत साठ माणसं असली की शंभर म्हणतो, आणि खरोखर शंभर झाली की ‘गाडी रिकामीच आहे, पुढं सरका’ म्हणतो. आमच्या घरात तर माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून उरलेलं खरं धरायचं, असा ठरावच झालेला आहे. पण बाईंच्या बाबतीत ही वजाबाकी करू नये. बाईंबद्दल मी जे सांगतो ते मुळातच निम्मं असतं.

आमची गल्ली जुन्या गावातली. एका बाजूला माझं घर, समोर टिनाच्या छपराची एक लांबट खोली, खोलीपुढं शहाबादी फरशीचा ओटा आणि ओट्याला टेकून एक कडुलिंब. ही बालवाडी, आणि तिच्याच मागच्या अंगाला बाईंचं बिऱ्हाड. दारावरच्या पाटीवर संस्थेचं लांबलचक नाव होतं, पण उन्हापावसानं ते इतकं पुसट झालं होतं की नवा पोस्टमन पाटीला नाक लावून उभा राही. गावात तिला ‘बाईची बालवाडी’ म्हणत आणि बाईंना नुसतं ‘बाई’. त्यांचं खरं नाव मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तेव्हा ते त्यांना शोभत नाही असं वाटलं, म्हणून मी ते विसरून गेलो. उंचीनं बाई एवढ्याशा, त्यांच्याच पोरांत उभ्या राहिल्या तर पदरावरून ओळखायच्या. आवाज मात्र टिनावर गारा पडाव्यात तसा. सकाळी त्यांची प्रार्थना सुरू झाली की राजूर घाटातली माकडं हात जोडून बसतात, असं मी गाडीत प्रवाशांना सांगत असे, आणि घाट येईस्तोवर निम्मी गाडी खिडकीशी सरकून माकडं बघायला तयार होई.

बालवाडीत कुणाला घ्यायचं याचा बाईंना काही नियम नव्हता. जो येईल तो आपला. पण बालवाडीतून पहिलीत कुणाला सोडायचं याचा नियम लोखंडी होता. जन्माचा दाखला त्या मानत नसत. ‘कागदावर पोट्टं मोठं होत नाही’ असं म्हणून तो घडी करून परत देत. पोराला भिंतीला पाठ लावून उभं करायचं आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचं. बोटांना कान सापडला की पोरगं पहिलीचं झालं. नाही सापडला तर ‘बस खाली, घाई काय हाये’, आणखी एक वर्ष बालवाडी. ही परीक्षा आमच्या आजोबांच्या काळी सगळ्याच शाळांत चालायची. बाकीच्यांनी ती सोडून दिली, बाईंनी धरून ठेवली. पोरं चलाख, ती मान वाकडी करून कानच हाताकडे न्यायची. बाई एका बोटानं डोकं सरळ करायच्या. आयाही काही कमी नव्हत्या. कुणी तिळाच्या तेलानं दंड चोळून काढी, कुणी देवीला नवस बोले. एका आईनं तर पोराला रोज सकाळी कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळत ठेवलं, आणि वर्षाअखेर त्याचा हात असा लांबला की डोक्यावरून जाऊन, स्वतःचा कान ओलांडून, शेजारच्या पोराच्या कानाला जाऊन भिडला. इथं वजाबाकी करायला हरकत नाही.

कान सापडला त्या दिवशी त्या पोराचा थाट असे. बाई त्याच्या तोंडात बत्तासा घालीत, केसांवरून पाण्याचा हात फिरवीत आणि त्याचं बोट धरून गल्लीच्या टोकाच्या नगरपरिषदेच्या शाळेत स्वतः नेऊन सोडीत. पहिलीच्या उंबऱ्यावर बोट सोडायचं आणि सरळ माघारी फिरायचं. पोरगं मागून कितीही रडो, बाई वळून बघत नसत. एकदा एका आईनं त्यांना दगडाच्या काळजाची म्हटलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “मागं पाह्यलं का पोट्टं परत फिरते. सोडलं म्हंजे सोडलं.” आणि खोलीत येऊन त्या पोराची पाटी, पुसलेलीच होती तरी, पुन्हा पुसत बसल्या.

पोरं मिळवण्याची त्यांची तऱ्हा तर और होती. बाकीच्या शाळा पोर तीन वर्षांचं झालं की त्याच्या मागं लागतात. बाई ते जन्मायच्या आधीपासून लागत. गल्लीत डोहाळजेवण असलं की बायका ओटीत नारळ घालीत, बाई पाटी घालीत. लाकडी चौकटीची, कोऱ्या वासाची पाटी. एकदा त्यांनी एका नव्या नवरदेवाला दुधाच्या दुकानाशी गाठून सांगितलं की तुमचं पोट्टं साधारण अमुक साली माह्याकडं येईन, नाव लावून ठेवते. तो गडबडला. घरी जाऊन बायकोला विचारतो तर तिलाच अजून खात्री नव्हती. दोन दिवस त्या घरात अबोला चालला आणि तिसऱ्या दिवशी पेढे आले. तेव्हापासून गल्लीतल्या सुना बाईंसमोरून जाताना पोटापुढं पिशवी धरू लागल्या.

माझी न् बाईंची दोस्ती जमली तीही याच भरतीपायी. मी तेव्हा रोहिणखेड मुक्कामी गाडीवर होतो. रात्री तिथं झोपायचं आणि सकाळची पहिली गाडी घेऊन परत यायचं. त्या काळात खेड्यातली कास्तकार मंडळी पोरांच्या शिक्षणासाठी बुलढाण्यात खोल्या करून राहू लागली होती. कुणाकडं चार एकर, कुणाकडं चाळीस, पण आजी आणि नातवंडं शहरात, आईबाप वावरात, अशी वाटणी घरोघर झाली होती. बाईंनी मला कामाला लावलं. गाडीत ट्रंक, स्टोव्ह आणि मांडीवर लहान पोर असं कुटुंब दिसलं की तिकिटाबरोबर त्याला बालवाडीचा पत्ताही फाडून द्यायचा. मी देत असे. मात्र पोराचं वय विचारून उपयोग नसे. पाच वर्षांखालच्याला गाडीत तिकीट नाही, त्यामुळं माझ्यासमोर मिसरूड फुटायला आलेला पोरगाही ‘साडेतीन पुरे नाही झाले’ असा असे. आणि बाईंच्या दारात, घरचं काम उरकायला सकाळ मोकळी मिळावी म्हणून, तोंडात दात नसलेलंही ‘साडेतीनचंच हाये’ असं सांगितलं जाई. आम्ही दोघं हिशेब जुळवत बसलो की लक्षात येई, या जिल्ह्यातलं प्रत्येक पोर कुठल्या ना कुठल्या दारात साडेतीन वर्षांचं असतं. बाई हसून म्हणत, “कंडक्टरभाऊ, तुमच्या गाडीतले उतरवा न् माह्या दारातले चढवा, मंग खरं वय निघते.”

त्या दिवसांत खोलीत काय नव्हतं. कोर्टातल्या कारकुनाची पोरगी, बागवानाचा पोरगा, पोलीस लाइनीतली जुळी, भाजीवाल्या माळणीची नात, डेपोतल्या आम्हा लोकांची सगळी प्रजा. एका सतरंजीवर सगळा जिल्हा मांडी घालून बसे, आणि डबे उघडले की एकाची ज्वारीची भाकर, दुसऱ्याचा पराठा आणि तिसऱ्याचा कुणीतरी आधीच खाल्लेला असे. आणि एकदा बाईंच्या सतरंजीवर बसलेलं माणूस मग जन्मभर बाईंचंच राही. चौकातला वाहतूक पोलीस त्यांना बघितल्यावर शिट्टी खिशात घाले. तहसीलमध्ये त्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभ्या होत्या, नंबर आला, तर खिडकीआतल्या साहेबांना सर्दी. बाईंनी जाळीतून पदराचं टोक आत सारलं आणि म्हणाल्या, “शिंकर.” साहेब शिंकरले. आतले सगळे कारकून खाली मान घालून अर्ज वाचू लागले. त्यांतले निम्मे बाईंच्याच सतरंजीवरचे, नाही तर कुणी तरी हसलं असतं.

मग पोरं कमी होऊ लागली. कशी कमी झाली हे विचाराल तर एका दिवसात झाली नाहीत. घाटात धुकं चढतं तशी झाली, आधी खालचं झाड जातं, मग मधलं, आणि बघता बघता आपलाच हात दिसेनासा होतो. चिखली रोडला, मलकापूर रोडला नवे प्लॉट पडले आणि कारकून मंडळी तिकडं बंगले बांधून गेली. शिकलेली पोरं पुण्याला गेली ती तिकडंच राहिली, त्यांची पोरं उन्हाळ्यात चार दिवस येतात आणि आम्हाला ‘हॅलो’ म्हणतात. राहिली त्यांच्या दारात सकाळी पिवळी बस येऊ लागली. टाय लावलेलं एवढंसं पोरगं बसच्या पायरीवर चढवताना त्याची आई असा चेहरा करी की जणू ते परस्पर विलायतेलाच निघालं. माझ्या स्वतःच्या घरातलं नातू-खातं पुण्यात, त्यामुळं मी कुणाला काय बोलणार. डोहाळजेवणं हॉलमध्ये होऊ लागली, आणि तिथं बाईंची पाटी बाकीच्या भेटींच्या ढिगात कागदात गुंडाळलेलीच राहू लागली.

बाईंनी सतरंजी मात्र कधी कमी अंथरली नाही. मोठी सतरंजी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, रोज सकाळी त्या एकट्या ओढून अंथरीत आणि तिच्या एका कोपऱ्यात पोरं बसत. मी एकदा म्हटलं, बाई, अर्धी घडी घालून अंथरत जा, तुमचा खांदा दुखतो. तेव्हा खांदा नुकताच धरू लागला होता. बाई म्हणाल्या, “आन् एखांदं आलं तर? घडी पाह्यली का त्याले वाटन, इथी आपली वाट कोनी पाहूनच नोव्हतं राह्यलं.”

शेवटी शेवटी सतरंजीवर आली ती लांबून आलेली पोरं. रस्त्याच्या कामावरची, नव्या बिल्डिंगच्या राखणदाराची, बसस्टँडपाशी गाडा लावणाऱ्याची. कुणाची बोली नेपाळकडची, कुणाची बिहारकडची. बाईंनी त्या वयात हिंदी शिकायला घेतली आणि ती अशी काही शिकल्या की हिंदीनं कानाला खडा लावला. ‘बेटा, तुमको भूक लगून राह्यली क्या’ असं त्या विचारीत, आणि पोरांना ते बरोबर समजे. यातलीच एक गुडिया. तिचा बाप उत्तर प्रदेशातला, आमच्या गल्लीत खोली करून राहणारा, पाणीपुरीचा गाडा लावणारा. आली तेव्हा एक शब्द मराठी येत नव्हता, आणि वर्षभरात अशी वऱ्हाडी बोलू लागली की माझ्या पुण्याच्या नातवाला तिनं विचारलं, “तू असा काऊन बोलतं बे?” तो नुसता बघत राहिला, तेव्हा तीच म्हणाली, “काऊन म्हंजे का.” आमच्या गल्लीची भाषा आमच्याच नातवाला समजावून सांगायला उत्तर प्रदेशातून माणूस यावं लागलं.

मग संस्थेची सूचना आली. जुलैत सेक्रेटरी स्वतः येऊन पट बघणार. निदान वीस पोरं नसतील तर बालवाडी बंद करायची आणि त्या जागी दुकानाचे गाळे काढायचे, असं बाकीच्या सभासदांनी ठरवलं होतं. गाळ्यांना गिऱ्हाईकंही ठरली होती म्हणे. बाईंनी कागद वाचला, घडी घालून देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाखाली ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून भर उन्हात छत्री घेऊन दारोदार फिरू लागल्या. संगम तलावापलीकडच्या वस्तीपासून पार येळगाव रस्त्याच्या झोपड्यांपर्यंत. लोक पाणी देत, चहा देत, पाया पडत. पोर कुणी देईना. जुनी विद्यार्थिनी असलेली एक सून तर रडली. म्हणाली, “बाई, मले तुमच्याकडंच टाकायचं होतं हो, पन सासरचे म्हनतात लेकरू मागं पडन.” बाईंनी तिचेच डोळे पुसले न् पुढच्या घरी गेल्या. बालवाडी उघडली तेव्हा सतरंजीवर तीन पोरं होती. गुडिया, राखणदाराचा पोरगा आणि खेड्यातून नव्यानं खोली करून आलेल्या एका माळ्याच्या घरचं शेंडेफळ.

आता सेक्रेटरी कोण, ते सांगायला हवं. तोही बाईंच्याच हातचा. त्याचं डोकं लहानपणापासून असं दांडगं की हात वर जाऊन निम्म्या वाटेतच थकून बसे. बाकीची पोरं पहिलीत गेली तरी हा बालवाडीत एक वर्ष जास्त राहिला होता. पुढं वकील झाला, घर बांधलं, संस्थेत शिरला, पण बाईंसमोर खुर्चीवर बसायची त्याची हिंमत नव्हती. त्यानंच मला कोर्टाबाहेर चहाला थांबवून हळूच सांगितलं, “काका, संस्थेत मी एकटा पडलो. मले फक्त खोली भरलेली दिसू द्या. कोन कोनाचं पोट्टं हे मी काई विचारत नाही. मी लिहून देतो, एक-दोन वर्ष निघून जाईन.”

मग काय, गल्ली कामाला लागली. गर्दी जमवणं हा तर माझा धंदाच. नगरपरिषदेच्या शाळेतली पहिली-दुसरी दुपारची भरते, म्हणजे सकाळी ती पोरं मोकळीच. शिवाय कुणाचा भाचा, कुणाची पाहुणी, तापाच्या नावाखाली पिवळ्या बसला चुकवलेली दोन. त्या दिवशी सकाळी प्रत्येकाला अंघोळ घालून, पावडर थापून, ‘वय विचारलं तर साडेतीन सांगायचं’ असं पढवून आम्ही खोलीत नेऊन बसवलं. बाईंना आधी काही सांगितलं नव्हतं. त्या मागं आपल्या देव्हाऱ्यापाशी होत्या. बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सतरंजी भरलेली. एक कोपरासुद्धा रिकामा नाही. त्यांनी पदर खोचला. घसा खाकरून प्रार्थना सुरू केली, आणि देवाशपथ सांगतो, यात एक अक्षर वाढवत नाही, टिनाला कंप सुटला. किती वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. तीन पोरांपुढं माणूस एवढा आवाज काढत नाही.

सेक्रेटरी आला. चप्पल बाहेर काढली, सतरंजीच्या काठावर मांडी घातली. नजर वर न करता म्हणाला, “बाई, पट तर भरला. मी लिहून टाकतो.” आणि खिशातला पेन काढला.

बाई म्हणाल्या, “थांब बे.”

त्यांनी सगळ्या पोरांना उभं केलं आणि भिंतीला लावलं. “उजवा हात डोक्यावरून. कान धरा.” आम्ही ओट्यावरून बघत होतो. भिंतीशी एकामागून एक हात वर गेले आणि एकामागून एक कान सापडले. एका पोराला प्रसंग कळला असावा, त्यानं हात आखडून मधेच थांबवला, तर बाईंनी त्याचं कोपर हळूच वर उचललं, आणि बोटं जाऊन कानावर बसली. बाई प्रत्येकापुढं थांबत, डोक्यावरून हात फिरवत, आणि ‘तू जा’ म्हणत. ‘तूही जा.’ पोरं एकेक करून दप्तराशिवाय बाहेर पडू लागली. ओळ विरळ होत गेली. शेवटी भिंतीशी तीन पोरं राहिली, हात डोक्यावर अर्धवट, कान न सापडलेली.

सेक्रेटरी काकुळतीला आला. म्हणाला, बाई, मी काई विचारलं होतं का? तुम्ही काऊन करून राह्यल्या असं? मी लिहतोच होतो ना.

बाई सतरंजीवर त्याच्यासमोर बसल्या. “यातल्या कित्येक पोट्ट्यायले म्याच हात धरून त्या शाळेत नेऊन सोडलं,” त्या म्हणाल्या. “मागं न पाहता आली मी. आता माह्या खोलीपायी त्यायले वापस बसवू? मंग म्या कोनाले सोडलंच नाही असं होते, बाप्पा. तू बी अजून इथंच हायेस असं होते.”

त्या वकिलानं पेनाचं टोपण लावलं. निघताना त्याचा उजवा हात आपोआप डोक्यावर गेल्यासारखा मला दिसला. केस सारखे करत असेल. पण त्या डोक्यावर सारखे करण्याजोगे केस राहिलेले नव्हते.

दिवाळीपर्यंतची मुदत त्यानं भांडून मिळवली. त्याहून जास्त त्याला जमलं नाही. गणपतीत राखणदाराची नोकरी सुटली आणि तो पोराला घेऊन दुसऱ्या गावी गेला. माळ्याच्या घरच्यांना पिवळ्या बसवाल्यानं थोरल्याबरोबर धाकट्यालाही बसवून नेतो म्हणून सांगितलं. राहिली गुडिया. आता एका पोराची बालवाडी कशी चालवायची? बाईंनी ती जशीच्या तशी चालवली. सतरंजी पूर्ण अंथरायची. खांदा आता पार धरला होता, म्हणून मी एका टोकाला आणि गुडिया दुसऱ्या टोकाला असे आम्ही ओढत असू. मग प्रार्थना, मग हजेरी. बाई वही उघडून ‘गुडिया’ म्हणत. ती ‘हजर बाई’ म्हणे. बाई वही मिटत. मग रांगेनं बाहेर जायचं. एका पोरीची रांग, पण धक्काबुक्की करायची नाही असं बाई तिलाही बजावीत. आणि ती खरोखर करत नसे.

दिवाळीनंतर गाळ्यांचं काम सुरू झालं. टिनं काढताना बाई ओट्यावर आल्या नाहीत. त्यांचा देऊळगाव राजा गावातला भाचा न्यायला आला. चांगला माणूस, बालाजीच्या देवळाजवळ त्याचं दुकान आहे. बाईंना दुसरं कुणी नव्हतं. सामान असं काही निघालंच नाही. एक ट्रंक, तो बाळकृष्ण आणि गुंडाळलेली सतरंजी. सतरंजी नेऊन काय करता, असं भाच्यानं विचारलं तेव्हा बाई त्याच्याकडं अशा बघत राहिल्या की त्यानं ती मुकाट्यानं खांद्यावर घेतली.

स्टँडवर मी सोबत गेलो. देऊळगाव राजावरून जाणाऱ्या जालन्याच्या गाडीत ड्रायव्हरमागची खिडकी रुमाल टाकून धरली. तेवढी वट अजून शिल्लक आहे. पंचाहत्तरीपुढच्यांना आता एसटीत तिकिटाचे पैसे लागत नाहीत. पोरगेलासा कंडक्टर, तो बाईंचा नव्हता, परगावचा असावा, त्यानं त्यांचं कार्ड बघून शून्याचं तिकीट हातात दिलं. ते बघून बाई मला म्हणाल्या, “पाहा भाऊ, तुमच्या एसटीनं मले पुन्हा साडेतीन वर्षाची केली.” मी मोठ्यानं हसलो. जरा जास्तच मोठ्यानं हसलो असेन.

गुडिया बापाचं बोट धरून आली होती. स्टँडपाशीच त्यांचा गाडा. ती खिडकीखाली उभी राहून वर बघत होती. मग म्हणाली, “बाई, खाली या.” बाई उतरल्या. गुडियानं त्यांना गाडीला पाठ लावून उभं केलं, बरोबर जसं त्या पोरांना करत तसं, आणि म्हणाली, “डोकं सरळ. उजवा हात वरतून. कान धरा.”

गाडीतली माणसं बघत होती. बाईंनी हात उचलला. तो खांद्याच्या वर जाईना. ओठ दाबून त्यांनी तो अजून थोडा नेला, कपाळापर्यंत नेला आणि हात तिथूनच खाली आला. पुन्हा एकदा प्रयत्न केला. मान जरा वाकडी केली. गुडियानं टाचा उंचावल्या आणि एका बोटानं त्यांची हनुवटी सरळ केली.

“नाही पुरत गं,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात ड्रायव्हर चढला, भाचा घाई करू लागला. बाईंनी गुडियाच्या तोंडात बत्तासा घातला, केसांवरून हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसल्या. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. ती घंटी मी जन्मभर ओढली, पण खाली उभं राहून ऐकायला ती कशी लागते हे मला ठाऊक नव्हतं. गाडी मागं सरून वळू लागली तशी गुडियानं माझा शर्ट ओढला.

“बाईचा हात तर पुरला नाही,” ती म्हणाली. “मंग बाई चालली काऊन?”

रस्ताभर प्रवाशांना थापा मारलेला मी माणूस. पण त्या पोरीला सांगायला मला एकही थाप सुचली नाही. मी खिडकीकडं बघत राहिलो. बाई ताठ बसल्या होत्या, तोंड पुढं करून, आणि गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. मागं पाहिलं की पोट्टं परत फिरतं, हा त्यांचाच नियम. या वेळी परत कोण फिरलं असतं, ते मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.